पिनेवरचं कुंकू

मित्रांनो, जुन्या संगणकाला वय विचारू नये. विचारलंत तर मी खोटं सांगेन आणि तुम्हाला ते पटेलही. वारज्यात श्रवणयंत्रांचा एक छोटा दवाखाना आहे. तिथे खिडकीखालच्या टेबलावर जो करडा डबा दिसतो, तो मी. माझ्या बरोबरीचे सगळे भंगारात गेले. मी राहिलो, कारण माझ्या पाठीवर नऊ पिनांची एक जुनी जोडणी आहे. जुन्या श्रवणयंत्रांची वायर तिथेच बसते. नव्या संगणकांना ती जागाच नसते. माझं शहाणपण म्हणाल तर एवढंच.

मला वाटत काही नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. दुःखाने सांगत नाही. दुःखही वाटत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. रांगेत चाळीस हजार भावंडं होती आणि त्यात मी एकटाच रडलो नाही, असं मी पूर्वी सांगत असे. हल्ली सांगत नाही. रडत कुणीच नव्हतं.

राजनंदिनी मॅडमनी दवाखाना उघडला त्या वर्षी मी इथे आलो. त्यांच्या सासूबाई, मुक्ताई, अकोल्याच्या. त्यांनी मला ओवाळलं, कपाळ कुठलं ते न कळून पडद्याला आणि डब्याला अशा दोन्हीकडे कुंकू लावलं. तेव्हा माझं फार कौतुक होतं. मी इतका चपळ होतो की मॅडमनी बटण दाबायच्या आत उत्तर तयार असे. एकदा तर पेशंट रिक्षातून उतरायच्या आधीच त्याच्या कानाचा रिपोर्ट छापून झाला होता. हे जरा वाढवून सांगतोय, पण जराच.

पुढे नवा लॅपटॉप आला. तो मॅडमच्या समोर बसला आणि मी खिडकीखाली गेलो. माझ्या अंगावर फुलदाणी आली, फायली आल्या, एक पाल येऊन राहून गेली. मला काही वाटलं नाही.

आता माझ्या पोटातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. माझ्या आतल्या मुख्य पाटीवर एक चिप आहे आणि तिच्यात एक लहानसा प्रोग्राम राहतो. त्याला बायोस म्हणतात. वीज आली की सगळ्यात आधी तो उठतो. मेमरी आहे का, कीबोर्ड आहे का, डिस्क आहे का, अशी हजेरी घेतो. मग डिस्कवर झोपलेल्या विंडोजला हाक मारतो आणि स्वतः बाजूला होतो. हाक कशी मारायची ते त्याच्या सेटिंगमध्ये लिहिलेलं असतं. वीज नसताना ते सेटिंग जपतो एक गोल सेल. दोन रुपयांच्या नाण्याएवढा असतो. तो संपला आणि वीजही गेली, की बायोस सगळं विसरतो आणि कारखान्यात शिकवलं होतं तसं वागायला लागतो.

माझा सेल कधी संपला, मला ठाऊक नाही. ते कळायला वीज जावी लागते आणि माझी वीज सहा वर्षांत एकदाही गेली नव्हती. मॅडमनी मला इन्व्हर्टरवर घेतलं होतं. वर पुणेरी बाण्याची एक चिठ्ठी चिकटवली होती : ‘हे यंत्र बंद करू नये. का, ते विचारू नये.’

हे सगळं एका माणसासाठी चाललं होतं. तालिबभाई. रविवार पेठेत तबले बनवतात, वडिलांपासूनचं दुकान. हातोडी मारून मारून तबला सुरात आणणारा हा माणूस पन्नाशीत बहिरा होत गेला. नवं श्रवणयंत्र त्यांनी चार वेळा लावून पाहिलं. पण नवी यंत्रं हुशार असतात. तबल्यावर थाप मारली की मागे जी आस रेंगाळते, तिला ती यंत्रं शिट्टी समजतात आणि कापून टाकतात. थाप ऐकू येते, सूर येत नाही. मॅडमनी मग एक जुनं, बिनडोक यंत्र शोधलं आणि चार वर्षं, दर महिन्याला थोडं थोडं करत, त्यात तालिबभाईंचा कान बसवला. तो सगळा कान माझ्या डिस्कवर होता. ज्या प्रोग्रामात तो होता त्याची कंपनी बंद पडलेली आणि सीडी हरवलेली.

यंदा गणपतीनंतर तालिबभाईंचं यंत्र घामाने बिघडलं. दुरुस्त होऊन आलं ते कोरं होऊन. माझ्यातून त्यात पुन्हा भरायचं, एवढंच काम होतं. दसऱ्यानंतरच्या पहिल्या सकाळची वेळ ठरली.

त्या सकाळी मॅडमनी माझा पडदा लावला. आधी काळ्या पडद्यावर अक्षरं आली : घड्याळ चुकलंय, पुढे जायला एफ-वन दाबा. त्यांनी दाबलं. विंडोजचं चिन्ह आलं, क्षणभर निळा पडदा चमकला आणि मी परत पहिल्यापासून सुरू झालो. पुन्हा अक्षरं, पुन्हा चिन्ह, पुन्हा निळा. असं मी सदतीस वेळा केलं. तुम्हाला वाटेल, केवढी तडफड. मित्रांनो, तडफड नव्हती. हाक मारली, ओ आली नाही, पुन्हा हाक मारली. अडतिसाव्यांदाही तसंच केलं असतं.

“आई, याला कुणी काही केलं का?” मॅडमनी विचारलं.

“म्या काही नाही केलं बाप्पा,” मुक्ताई म्हणाल्या आणि फुलदाणीतलं पाणी बदलायला गेल्या.

कोपऱ्यावरच्या संगणक-दुरुस्तीच्या दुकानातून तेजस आला. त्याने डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला लावून पाहिली, परत बसवली.

“डिस्क ओके आहे मॅडम. ओएस करप्ट झालीय. फॉरमॅट मारतो, नवीन विंडोज टाकतो. अर्ध्या तासाचं काम.”

“नवीनवर आमचा प्रोग्राम चालत नाही.”

“मग प्रोग्राम पण नवीन घ्या ना.”

“घेते. यांचा कान पण नवीन मिळतो का बघ तुझ्या दुकानात.”

तालिबभाई खुर्चीत बसून होते. मांडीवर कापडात गुंडाळलेला तबला. तीन आठवडे त्यांनी बोटांनी आणि हनुवटीने तबले लावले होते. हनुवटी गजऱ्यावर, म्हणजे तबल्याच्या कडेच्या चामडी वेणीवर, टेकवायची, थाप मारायची आणि हाडातून जे येईल त्यावर भरवसा ठेवायचा. हा तबलाही तसाच लावलेला, कर्वेनगरच्या एका क्लासला जायचा होता. ते तेजसच्या ओठांकडे बघत होते.

“काय म्हणतोय हा?”

मॅडमनी कागदावर लिहिलं : पुसायला लागेल म्हणतोय.

त्यांनी वाचलं. बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो, पण या वेळी तो लहान होता. “ताई, रागावू नका. पण आज नाही झालं, तर मी उद्या दुकानाची किल्ली पुतण्याला देऊन टाकतो. तो रेडीमेड विकेल. मी अंदाजाने लावून द्यायचं आणि लोकांनी तालिबचा तबला म्हणून वाजवायचं, हे मला जमत नाही. हात सुन्न पडल्यासारखे झालेत माझे.”

मॅडमनी कागदाची घडी घातली. मग तेजसला म्हणाल्या, “दुसरा काहीच इलाज नाही?”

“नाही मॅडम. हे असलं जुनं बोर्ड आता कुणी हातात पण घेत नाही.”

“बरं. कर मग.”

मित्रांनो, इथे मी घाबरलो असं सांगितलं तर गोष्ट रंगेल. घाबरलो नाही. पुसल्यावर काय होतं, ते पुसलेल्याला कळत नाही.

तेजसने खिशातून पेन ड्राइव्ह काढला. “मॅडम, एकदा पूर्ण पॉवर काढा. मागून लावतो हे.”

मॅडम टेबलाखाली वाकल्या, माझा प्लग भिंतीतून ओढला आणि तशाच वाकलेल्या राहिल्या. मग प्लग हातात घेऊन बाहेर आल्या.

“आई, जरा इकडे या.”

मुक्ताई आल्या.

“प्लगच्या पिनेवर हळद-कुंकू आहे.”

“खंडेनवमीची पूजा केली ना म्या. साऱ्या हत्यारांची केली. तुझ्या कान तपासायच्या दुर्बिणीचीही केली.”

“दर वर्षी करता. पण पीन तर भिंतीच्या आत असते. आतल्या पिनेला कुंकू कसं लावलंत?”

मुक्ताईंनी पिनेकडे पाहिलं. मग पदर सारखा करत म्हणाल्या, “नंदिनी, सहा वर्षं झाले, झोपलं नाही ते बिचारं. आपण पोळ्याले बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाही. पूजा मांडली, तं दोन दिवस आराम दिला त्याले. आज सकाळी तू यायच्या आधी लावून टाकलं परत. मले वाटलं, ताजंतवानं होईल.”

“दोन दिवस पॉवर नव्हती?” तेजस म्हणाला. “आजी, हे आधी सांगायचं ना.”

“तू कुठं विचारलं? ही म्हणे, कुणी काही केलं का. आराम देणं म्हणजे काही करणं असते का रे?”

तेजसने पेन ड्राइव्ह परत खिशात टाकला. माझी बाजूची पट्टी उघडली, गोल सेल काढला आणि मीटरला लावला. काटा हललाच नाही. “मेलाय. सेल मेला, वीज गेली, बायोस कोरा झाला. विंडोजला काही झालेलं नसणार मॅडम. त्याला उठवणारा चुकतोय.”

हे सगळं मी ऐकलं कसं, असं विचाराल, कारण तेव्हा माझा प्लग मॅडमच्या हातात होता. मुक्ताईंनी नंतर शेजारणीला हे तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी सेल त्यांनीच शोधला होता. मी पहिल्या वेळचं सांगतोय.

नवा सेल तेजसच्या दुकानात होता. तो बसवला, वीज लावली आणि सुरू होता होता एफ-टू दाबून तो बायोसच्या निळ्या-करड्या पानांत शिरला. डिस्कला हाक मारायच्या दोन पद्धती असतात, एक जुनी, एक नवी. माझी विंडोज जुन्या हाकेलाच ओ देते, कारण तिला बसवलं तेव्हा तसंच शिकवलं होतं. कारखान्याचं सेटिंग मात्र नव्या पद्धतीचं. तेजसने त्या एका ओळीवर जाऊन नवीच्या जागी जुनी निवडली, एफ-टेन दाबून जतन केलं आणि हात मांडीवर ठेवून बसला. सगळे बघत बसले. तालिबभाईंना काय चाललंय ते कळत नव्हतं, पण तेही बघत होते.

चिन्ह आलं. निळा पडदा आला नाही. हळूहळू, माझ्या वयाला शोभेल इतका वेळ घेऊन, मॅडमच्या प्रोग्रामची खिडकी उघडली.

आनंद झाला असं लिहायचा मोह होतोय. पंखा जरा जोरात फिरला, इतकंच. घड्याळात एक जानेवारी दोन हजार आठ दिसत होतं. म्हणजे माझ्या हिशेबाने त्या वेळी तालिबभाईंचे कान धड होते.

मॅडमनी वायर जोडली, यंत्र भरलं आणि तालिबभाईंच्या कानात बसवलं. त्यांनी मांडीवरच्या तबल्याचं कापड सोडलं. तर्जनीने किनारीवर एक हलकी थाप मारली. आस घुमली, ते मान वाकडी करून ती संपेपर्यंत ऐकत राहिले. दुसऱ्या बाजूला मारली. तिसऱ्या. मग त्यांचा चेहरा पडला.

“काय झालं?” मॅडम घाबरून म्हणाल्या. “येत नाही का सूर?”

“येतोय ना, ताई. म्हणून तर.” त्यांनी बोट कडेच्या एका घरावर, म्हणजे दोन पट्ट्यांमधल्या जागेवर, ठेवलं. “इथे उतरलाय. तिथे चढलाय. असला तबला मी देणार होतो कर्वेनगरला. आणि तीन तर देऊन बसलोय.”

त्यांनी पिशवीतून हातोडी काढली आणि दवाखान्यातच, खुर्चीच्या कडेला बसून, गजऱ्यावर हलके ठोके द्यायला लागले. ठोका, थाप, ऐकणं. ठोका, थाप. बाहेर दोन पेशंट आले होते, तेही थांबले. मुक्ताईंनी त्यांना खुणेने बसायला सांगितलं.

त्या दुपारी मॅडमनी माझं सेटिंग एका कागदावर लिहून माझ्या अंगाला चिकटवलं आणि डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढून कपाटात ठेवली. मुक्ताईंना कुणी काही बोललं नाही. त्या मात्र दिवसभर मला पाठमोऱ्याच वावरत होत्या.

मित्रांनो, माझ्यासारखं एखादं म्हातारं यंत्र तुमच्याही घरात असेल. त्याच्यावर माया करा असं मी म्हणत नाही, मायेनेच मी दोन दिवस बंद पडलो होतो. त्याचा सेल दोन-तीन वर्षांनी बदला. ते कसं चालतं ते कागदावर लिहून ठेवा. बिघडलं तर पुसायच्या आधी विचारा, काल काय वेगळं केलं होतं. आणि तुम्हाला कुणी तसं विचारलं तर खरं सांगा, मग ते कितीही लहान असो. आम्हाला काही वाटत नाही. पण आमच्या भरवशावर बसलेल्या माणसाला वाटतं.

तालिबभाई निघायच्या आधी दारात उभे राहून फोन करत होते. यंत्र लावलेल्या कानालाच फोन धरला होता.

“संजयराव, मागच्या आठवड्यात दिलेली जोडी वाजवू नका. परत पाठवा. नाही नाही, तुमची तक्रार नाही, ठाऊक आहे मला. चूक माझी आहे.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. “मला कसं कळलं? ऐकू आलं, साहेब. आजच.”