राहून गेलेली रांग

हॅकस्टोच्या चर्चच्या मनोऱ्यात सात घंटा होत्या. त्या सातांच्या जितक्या उलटसुलट रांगा लागतील, तितक्या सगळ्या वाजवायच्या, एकही दोनदा नाही, म्हणजे माळ पुरी झाली. हातात कागद घ्यायचा नाही, सगळं डोक्यात. रांगा भरतात पाच हजार चाळीस आणि वेळ लागतो तीन तास. थिर्झा ऑलरॉइड शपथेवर सांगायची, एकदा माळ चालू असताना पाद्रीबुवांची मांजर व्याली ती सात पिल्लं, आणि तीही दर खेपेला वेगळ्या रांगेत दूध प्यायची.

जो माळ पुरी करवून घेईल त्याचं नाव मनोऱ्यातल्या फळीवर सोनेरी अक्षरांत लागायचं. थिर्झाचा नवरा अँब्रोज तीनदा फसला आणि नावावाचून गेला. आता सत्तरीला आलेली थिर्झा स्वतः रांगा बदलायचे हाकारे देऊन माळ पुरी करवून घेणार होती, आणि फळीवर नाव दोघांचं लागणार होतं.

सातव्या घंटेवरचा म्हातारा ऑस्गुड म्हणाला, "चष्मा कुठं ठेवलास ते आठवत नाही तुला, आणि रांगा आठवणारेत?"

"चष्मा एकटा असतो रे, म्हणून हरवतो. ह्या एकमेकींना धरून चालतात."

दोर हलले. थिर्झाच्या हातात पहिली, धाकटी घंटा होती. पाच हजार चाळीस हा आकडा तिला फार दिलदार वाटायचा. दोघं या, तिघं या, थेट दहा जण या, सगळ्यांना सारखा वाटा, कण उरायचा नाही. अकरा जण आले तरच दोन उरायचे. त्या अकराव्याची तिला कीव यायची.

दुसऱ्या तासाला भिंती विरघळल्या. खाली कुरण दिसायला लागलं, कुरणाला फाटक, आणि फाटकातून सात भावंडं हात धरून जाताहेत. पुन्हा सात, निराळ्या क्रमानं. पुन्हा सात. थिर्झा बघत राहिली आणि तिचा दोर एका श्वासानं मागं पडला. पाच, एक, सात असं यायचं ते पाच, सात, एक, तीन, दोन, सहा, चार असं वाजलं. पुढची रांग बिनचूक आली. कुणाला काही कळलं नाही. पण ह्याच क्रमातली सात भावंडं, म्हणजे हीच रांग, पहिल्या तासातच वाजून गेली होती, हे थिर्झाला ठाऊक होतं.

माळ संपली. टाळ्या पडल्या, गळामिठ्या झाल्या. रंगारी विल्मॉट ब्रश सोनेरी रंगात बुडवून उभाच होता. त्यानं अँब्रोजचा पहिला 'अ' काढायला हात उचलला.

थिर्झाला मात्र कुरणच दिसत होतं. एक रांग दोनदा आत गेली, म्हणजे एक बाहेरच राहिली. ती सात जणं ओल्या गवतात उभी होती. रागावलेली नव्हती, नुसती वाट बघत होती.

"थांब," ती म्हणाली. "माळ खोटी आहे. माझा दोर मागं पडला."

सगळे एकदम बोलायला लागले, की कुणी ऐकलं, कुणाचं काय अडलं, तीन तास काय फुकट गेले का.

ऑस्गुडनं विचारलं, "अगं, अँब्रोजचं नाव?"

"बाहेर उभं राहणं म्हणजे काय, ते अँब्रोजला ठाऊक आहे."

विल्मॉटनं ब्रश पुसला. सातही जण आपापल्या दोराशी गेले आणि एकच रांग वाजवली: पाच, एक, सात, तीन, दोन, सहा, चार.

खाली गावात लोक विचारत होते, एवढंसंच काय वाजलं म्हणून.