सात कामांची कुऱ्हाड

“कुऱ्हाड घेतलीस का गं?” रुक्मिणीबाईंनी आतल्या खोलीतून विचारलं.

“घेतली,” उत्तरा म्हणाली.

घेतली नव्हती. कुऱ्हाड माळ्यावर होती, चामड्याच्या म्यानात, आणि उत्तरा स्टुलावर उभी राहून तिच्याकडे नुसती बघत होती. वर्षभर माळ्याच्या त्या कोपऱ्याला तिनं हात लावला नव्हता. लोणच्याची बरणी काढायची झाली तरी मान वळवून, चाचपडत काढायची. आता सासूबाईंनी विचारलं ते सवयीनं विचारलं की तो टोमणा होता, हे काही तिला कळेना. तिनं हात लांब करून कुऱ्हाड उचलली आणि पिशवीत टाकली.

बाकी पिशवी तिनं केव्हाच भरली होती. भाकऱ्या, कांदे, मिठाची पुडी, मेणकापडात गुंडाळलेली काडेपेटी. तीन वर्षं डोंगरावर जाणाऱ्या नवऱ्याची पिशवी भरली होती, त्यामुळे हातांना काही सांगावं लागलं नाही. आज फरक एवढाच की पिशवी ती स्वतःसाठी भरत होती. वर्षश्राद्ध होऊन महिना झाला होता. श्यामकांतची डोंगरमंडळी त्याच्या आठवणीसाठी त्याच जागी जाणार होती. सहदेव गावडे सांगायला आला तेव्हा त्याला वाटलं होतं, वहिनी रडतील किंवा हात जोडून नको म्हणतील. उत्तरानं विचारलं, “किती वाजता निघायचं?”

मुलुंडला शेजारीपाजारी तिला धीराची बाई म्हणत. धीर कसला आलाय! तिला काही वाटतच नव्हतं. शाळेत ती मुलींना काजं करायला शिकवायची, वाकडी टीप उसवून द्यायची, आणि पूर्वी ज्या चुकीला टपली बसायची त्या चुकीकडे आता नुसती बघायची. मुलींना टपली बरी वाटली असती. घरी आली की शिवणयंत्रावर बसायची. जेवायची. एकदा गरम तवा हाताला लागला आणि फोड आलेला तिनं दुसऱ्या दिवशी पाहिला.

या सगळ्याखाली एक प्रश्न होता. तो तिनं कुणाला विचारला नव्हता, कारण उत्तर काय येईल याची तिला खात्री होती.

कुऱ्हाड तिनं दिली होती. श्यामकांत विमा कंपनीत कारकून, छातीच्या फासळ्या मोजून घ्याव्यात असा किडकिडीत माणूस. तिशी उलटल्यावर सहदेवाच्या नादानं त्याला डोंगर चढायचं वेड लागलं. उत्तराला कौतुक वाटलं. घाटकोपरला एका दुकानात लढाईनंतर उरलेला विलायती माल मिळायचा. शिवणाचे पैसे साठवून ती तिथं गेली. दुकानदारानं काउंटरवर कुऱ्हाड ठेवली आणि नाटकातल्या नटासारखा एकेक अंक सुरू केला. पुढून कुऱ्हाड, मागून हातोडा. इथं खिळे उपटायची खाच, इथं डबा फोडायचं टोक. दांडा पिळला की आत करवतीचं पातं आणि पेचकस, आणि दांड्याच्या बुडाला होकायंत्र! “सात कामं, बाई. जंगलात ही असली की दुसरं काही नको.” होकायंत्राचा काटा थरथरून उभा राहिला तशी उत्तरा विरघळली.

पाडव्याला तिनं ती नवऱ्याच्या हातात ठेवली. नवऱ्यानं बायकोला ओवाळणी घालायच्या दिवशी बायकोनंच कुऱ्हाड दिली, यावर चाळ आठवडाभर हसली.

पण कुऱ्हाडीनं नाव काढलं. रविवारी दिवेलागणीला श्यामकांत परत यायचा, पाय धुऊन पाटावर बसायचा, आणि रुक्मिणीबाई वाढता वाढता विचारायच्या, “काय रे, आज काय केलं कुऱ्हाडीनं?” मग तो सांगायचा. आज एवढा मोठा ओंडका फोडला. आज मंडळीतल्या विद्याधरच्या बुटाचा खिळा वर आला होता, चुटकीसरशी उपटला. आज दुधाचा डबा, आज तंबूच्या खुंट्या. “झकास चालली गं आज,” असं तो उत्तराकडे बघून म्हणायचा. रुक्मिणीबाई ते सगळं दुसऱ्या दिवशी नळावर तिखटमीठ लावून सांगायच्या. त्या घरात मूलबाळ नव्हतं. कुऱ्हाडीच्या खोड्या ऐकायला दोघी बायका रविवारची वाट बघायच्या.

तिला हात मात्र कुणी लावायचा नाही. “धार आहे, बोट जाईल,” असं म्हणून तो स्वतः ती माळ्यावर ठेवायचा. खंडेनवमीला शिवणयंत्र, कात्री, विळी, कोयती यांच्या रांगेत कुऱ्हाडही बसायची, तीसुद्धा म्यानातच. हळदकुंकू म्यानावर. तीन नवम्यांची हळद त्या चामड्यात मुरून कातडं पिवळं पडलं होतं.

गेल्या वर्षीच्या श्रावणात तो डोंगरावरून परत आला नाही. सहदेव श्यामकांतची पिशवी घेऊन दारातच उभा राहिला. पिशवीतली कुऱ्हाड कुणीतरी माळ्यावर ठेवून दिली. पुढचं उत्तराला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. दोर, मेख, घसरला, असे शब्द खोलीत फिरत होते. तिसऱ्या दिवशी रुक्मिणीबाईंचे भाऊ अनंतमामा भेटायला आले आणि सुपारी कातरत म्हणाले, “विलायती खेळणी घेऊन डोंगर चढायला निघाले. दोराची मेख कातळात नीट ठोकली गेली नसणार. दुसरं काय!”

रुक्मिणीबाईंनी माळ्याकडे पाहिलं. पाहिलं, असं उत्तराला वाटलं. त्या क्षणापासून तिच्या आतलं सगळं गप्प झालं, ते आजतागायत.

मुलुंडच्या पश्चिमेचा डोंगर चढून पलीकडे उतरलं की तुळशी तलावाच्या अलीकडे एक ओहोळ आहे आणि त्याच्या डोक्यावर काळा कातळ. सहदेवानं सोबतीला बायकोला, प्रेमाला आणलं होतं. आणखी दोघं होते, पण ते पुढं पुढं चालत राहिले. विधवा बाईशी काय बोलावं हे पुरुषांना कळत नाही. प्रेमा तेवढी सगळी वाट वाडीतल्या गणपतीच्या गजाली सांगत होती. त्याबद्दल उत्तराला तिचे उपकार वाटले.

ओहोळाशी पोचल्यावर कुणी भाषण केलं नाही. एकानं कातळाच्या पायथ्याशी फुलं ठेवली. सहदेव म्हणाला, “प्रेमा, चाय ठेव गो,” आणि कमरेचा कोयता काढून चुलीसाठी फांद्या तोडू लागला.

“सहदेवभावजी,” उत्तरा म्हणाली, “हिनं तोडा ना.”

तिनं पिशवीतून कुऱ्हाड काढून पुढं धरली. सहदेवाचा हात थांबला. त्यानं त्या दोघांकडे पाहिलं. ते दोघे तलावाकडे बघू लागले.

“कशाला वहिनी? कोयता हाय ना.”

“ह्यांची होती. आज तिनंच चूल पेटू दे.”

“अहो, पण…”

उत्तरानं म्यानाचं बटण स्वतःच काढलं. घट्ट होतं, नखाला लागलं. पातं बाहेर आलं. पात्यावर लाल रंग होता, दुकानात होता तसाच तुकतुकीत, आणि एका बाजूला दुकानदारानं चिकटवलेला कागद अजून शाबूत होता. फक्त एका टोकाला रंगाचा टवका उडालेला. तिनं अंगठा पात्यावरून आडवा फिरवला. कात्रीची धार बघण्यात तिचा जन्म गेला होता. इथं बघण्यासारखं काही नव्हतंच. पाटीच्या कडेसारखी बोथट कड.

ती उठली आणि समोरच्या करवंदीच्या फांदीवर घाव घातला. कुऱ्हाड उडून परत आली. दुसरा घातला. दांडा मुठीतच फिरला, बूड सैल झालं, आणि आतलं करवतीचं पातं आणि पेचकस खाली पडले. फांदी जराशी सोलली होती. प्रेमानं चटकन दुसरीकडे तोंड केलं.

“पहिल्याच दिवशी असं झालं,” सहदेव खाली बसून ते तुकडे गोळा करू लागला. “इथंच, तलावावर. आम्ही लय हसलो, वहिनी. लाज वाटते आता. ओतीव लोखंड हाय ते. मी म्हटलं, आमच्या कारखान्यात धार लावून देतो. पण तुटलं असतं. धारच धरत नाय ते. श्यामकांत म्हणाला, घरी कुणी बोलायचं नाय.”

“आणि मग?”

“मग काय? म्यानात घातली. परत काढली नाय कधी.”

“पण दर वेळी तर न्यायचे.”

“पिशवी तुम्ही भरायचा ना. आम्ही म्हणायचो, वाटेत माझ्या घरी टाकून जा, येताना घे. एवढं वजन फुकट कशाला वाहतोस? तर म्हणायचा, असू दे रे. संध्याकाळी हिचं काय सांगायचं ते चढताना सुचतं.” सहदेवाला हसू आलं आणि त्यानं ते तसंच गिळलं. “विद्याधरच्या बुटाचा खिळा त्यानं आम्हाला आधी सांगून बघितला होता. विद्याधरकडे बूट कुठले, कॅनव्हासचे होते.”

उत्तरानं कुऱ्हाड मांडीवर घेतली. वर्षभर जिभेखाली धरलेलं आता बाहेर आलं, आणि बाजारभाव विचारावा तशा आवाजात आलं.

“मग ती मेख कशानं ठोकली होती?”

“कुठली मेख?”

“जी सुटली.”

सहदेव बघतच राहिला. मग त्यानं कातळावर वर बोट दाखवलं. गंजलेली एक मेख दगडात अजून होती.

“ती? मी ठोकलेली, वहिनी. माझ्या हातोड्यानं. सुटली कुठं? दोरावरनं श्यामकांत चांगला उतरला. उतरून माझ्याकडे बिडी मागितली. मग म्हणाला, पाणी भरून आणतो. बाटल्या घेऊन गेला, आणि त्या तिथं शेवाळ होतं.” त्यानं ओहोळातल्या दगडांकडे हात केला. “डोकं आपटलं. एवढंच. दोर नाय, मेख नाय, काय नाय. तुम्हाला कुणी सांगितलं नाय?”

“मी विचारलं नाही.”

“आणि मेख सुटली असं तुम्ही वर्षभर… अहो वहिनी!”

त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. उत्तराच्या आलं नाही. तिला हायसं वाटलं, खरोखरच वाटलं. छातीवरचा पाटा कुणी बाजूला केला. पण पाटा काढला तर खाली रिकामंच होतं. तिच्या कुऱ्हाडीनं तिचा नवरा मारला नव्हता. तिच्या कुऱ्हाडीनं काहीच केलं नव्हतं. एक ओंडका नाही, एक खुंटी नाही. नवऱ्याच्या मरणात तिचा हात नव्हता, आणि त्याच्या त्या सगळ्या रविवारांतही नव्हता. होतं ते पाठीवरचं ओझं, आणि ते त्यानं कुरकुर न करता वाहिलं होतं.

तिनं तुकडे दांड्यात भरले, बूड पिळून बसवलं, म्यानाचं बटण लावलं. प्रेमानं चहा हातात दिला. तो फार गरम होता आणि तिची जीभ पोळली. ते तिला लगेच कळलं.

उतरताना सहदेव म्हणाला, “द्या ती पिशवी. जड हाय.”

“राहू दे,” उत्तरा म्हणाली.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. रुक्मिणीबाईंनी पान वाढून ठेवलं होतं. उत्तरा पाय धुऊन पाटावर बसली. सासूबाई आमटी वाढत होत्या, पण पळी वाटीवर धरून त्या थांबल्या.

“काय गं,” त्यांनी विचारलं, “कुऱ्हाड… चालली का?”

उत्तरानं वर पाहिलं. वर्षभर जो चेहरा तिला आरोप करणारा वाटत होता, तो म्हातारीचा चेहरा नुसता वाट बघत होता. गोष्ट ऐकायला बसलेल्या माणसाचा असतो तसा. वर्षभर या घरात रविवारी कुणी काही सांगितलंच नव्हतं.

खरं सांगून टाकलं असतं तर अनंतमामांचं तोंड बंद झालं असतं. ते शब्द तिच्या ओठांवर आलेही होते.

“चालली की,” ती म्हणाली. “सगळी लाकडं तिनंच फोडली. आणि येताना सहदेवभावजींच्या वहाणेचा खिळा वर आला होता. चुटकीसरशी उपटला.”

“अगं बाई! कुणी?”

“मी.”

“तू?” रुक्मिणीबाईंनी पळी खाली ठेवली आणि तोंडाला पदर लावून हसल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. “तो म्हणायचाच, हत्यार मोठं गुणाचं आहे.” मग त्या उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. उत्तरानं आमटी स्वतःच वाढून घेतली.

खंडेनवमीला रुक्मिणीबाई म्हणाल्या, “पूजा तूच कर. आता घरात हत्यारं चालवणारी तूच.” उत्तरानं पाटावर शिवणाची कात्री मांडली, विळी मांडली, कोयती मांडली. यंत्राच्या चाकाला झेंडूची माळ घातली. शेवटी माळ्यावरून कुऱ्हाड काढली आणि रांगेत आपल्या जागी ठेवली.

रुक्मिणीबाई हळदीकुंकवाचं तबक घेऊन जवळ सरकल्या.

“एवढी वर्षं म्यानावरच लावतोय गं. यंदा काढ ना बाहेर. एकदा बघू दे तरी कशी आहे.”

उत्तरानं बटणावर हात ठेवला.

“नको, आई,” ती म्हणाली. “धार आहे.”

आणि तिनं चिमूटभर हळद घेऊन पिवळ्या पडलेल्या त्या चामड्यावर टेकवली.