डार्करूममधले प्रयोग

पदार्थविज्ञान हा मुख्य विषय घेऊन बी.एस्सी. व्हायचे, तर नेमलेला प्रत्येक प्रयोग विद्यार्थ्याने स्वतः केलेला असला पाहिजे आणि जर्नलवर विभागप्रमुखांची सही असली पाहिजे. त्याखेरीज परीक्षेला बसता येत नसे. डोंबिवलीच्या हरिहर पेंडशांना हा नियम मनापासून मान्य होता. टेक्निकल कॉलेजातून बाहेर पडल्यापासून त्यांची हयात यंत्रांच्या चाचण्या घेण्यात गेली होती. डोळ्यांनी न पाहिलेला आकडा लिहिणे त्यांच्या लेखी लबाडी होती.

म्हणूनच मुलीची, उत्तराची, हकीकत ऐकून त्यांचा संताप झाला. शेवटच्या वर्षाला ती वर्गात एकटीच मुलगी. प्रयोग जोडीने करण्याची पद्धत होती आणि तिच्या जोडीला मधु कर्वे नावाचा मुलगा होता. विजेचे, उष्णतेचे प्रयोग बिनबोभाट झाले. प्रकाशाचे मात्र डार्करूममध्ये दार लावून करावे लागत, आणि मुलामुलीला तसे आत पाठवणे विभागप्रमुख टिपणिसांना प्रशस्त वाटेना. एकटीला पाठवणे पद्धतीत बसत नव्हते. मधुने आत निरीक्षणे घ्यावीत आणि उत्तराने बाहेर बसून ती उतरवून घ्यावीत, असा तोडगा त्यांनी काढला. उत्तराने नकार दिला. सही अडली. परीक्षा तोंडावर आली होती.

रविवारी बापलेक ठाण्याला टिपणिसांच्या घरी गेली. टिपणिसांनी त्यांना आदराने बसवले, चहा सांगितला आणि कॉलेजच्या लौकिकाविषयी बरेच काही ऐकवले. मागे एका मुलीने हीच व्यवस्था आनंदाने स्वीकारली होती आणि ती पहिल्या वर्गात आली होती, असेही ते म्हणाले.

"म्हणजे विद्यापीठाने जिला पदवी दिली, तिने वर्णपट पाहिलेलाच नाही," हरिहरपंत म्हणाले.

"पाहून काय करायचं होतं तिला? लग्न होऊन सुखात आहे ती."

उत्तराने चहाचा कप खाली ठेवला. "सर, माझंही लग्न होईल. पण वर्णपटात रेषा कुठे असते, हे मला मधुला विचारावं लागू नये."

टिपणीस हसले. घरातले कोणी वडीलधारे बाईमाणूस रोज येऊन डार्करूममध्ये बसणार असेल, तर आपली हरकत नाही, असे त्यांनी सांगितले. कोणी येणार नाही, याची त्यांना खात्री असावी.

घरी आल्यावर हरिहरपंतांचा आवाज चढला. मुलीवर पहारा बसवायचा तर पदवीच नको, मुलांवर कोण बसतो पहाऱ्याला, असे ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. उत्तराच्या आईने, सरोजबाईंनी, ते शांतपणे ऐकून घेतले.

"तुमचं बरोबर आहे. पण तुमच्या रागावर हिचं वर्ष जाईल. मी जाते उद्यापासून."

दुसऱ्या दिवशी डार्करूममध्ये मधु दिव्यापाशी, उत्तरा स्पेक्ट्रोमीटरपाशी आणि सरोजबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर, अशी व्यवस्था झाली. सोडियमचा दिवा तापून पिवळा झाला. उत्तराने फट बारीक केली, दुर्बीण हलकेच फिरवली, आकडा वाचला. मग आईला हाक मारली.

सरोजबाईंनी एक डोळा मिटून आत पाहिले. "पिवळ्या रेघा दिसतायत. दोन. अगदी खेटून."

"त्यांच्यामधलं अंतरच मोजायचं असतं."

सरोजबाईंनी पुन्हा एकदा वाकून पाहिले. "एवढ्यावरून तुझं वर्ष अडवलं होतं त्यांनी?" मधु खाली मान घालून दिव्याची काच पुसू लागला.

प्रयोग संपले. टिपणिसांनी जर्नल चाळले, सही केली आणि खाली एक ओळ घातली: विशेष सवलतीने पूर्ण.

उत्तराने जर्नल उचलले नाही. "सर, सवलत कोणती, तेही लिहा."

"म्हणजे?"

"मधुने जेवढे प्रयोग केले, तेवढेच मी केले. मला यातलं काय माफ झालं, ते लिहा. नाहीतर ती ओळ खोडा."

दारात सरोजबाई उभ्या होत्या. टिपणिसांनी त्यांच्याकडे पाहिले. त्यांची आपल्याला मदत होईल, असे त्यांना वाटले असावे. सरोजबाई जर्नलकडे पाहत होत्या. शेवटी टिपणिसांनी पेनचे टोपण काढले आणि ओळीवर इतक्या जोराने रेघ मारली की कागद जरासा फाटला.

उत्तराने शाई वाळू दिली, मग जर्नल मिटले.