वाकोल्याच्या गटारावरची धावपट्टी

मित्रांनो, मी एक जुना, भोकाभोकांचा लोखंडी पत्रा आहे. ही भोके गंजाने पडलेली नाहीत, कारखान्यातच मुद्दाम पाडलेली आहेत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण लोक उगाच माझी कीव करतात.

माझा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. चिखलात विमानांची चाके रुतू नयेत म्हणून माझ्यासारखे शेकडो पत्रे एकमेकांत अडकवून जमिनीवर अंथरत, की झाली धावपट्टी तयार. सांताक्रूझच्या लष्करी विमानतळावर मी विमाने अंगावर झेलली. युद्ध संपले, आम्ही भंगारात निघालो, आणि दशरथ घाडीगांवकर या गृहस्थाने मला आणि माझ्या एका भावाला वाकोल्याच्या चाळीत आणून गटारावर टाकले. आम्ही दोघे कडेच्या आकड्यांनी एकमेकांत अडकलेलो. सख्खा भाऊ झाला म्हणून काय झाले, इतकी वर्षे खेटून राहायचे म्हणजे शिक्षाच हो.

दशरथ सांगत, मी हवाई दलात होतो. चाळीने विचारले, विमान चालवले का? नाही. निदान बसलात? नाही. मग करत काय होता? तर पत्रे अंथरत होतो. चाळ हसून हसून लोळली. तेव्हापासून त्यांचे नाव पडले ‘पायलट’. त्यांचा सख्खा नातू नितेशसुद्धा लहानपणी दोन्ही हात पसरून त्यांच्यामागे घुर्रर्र करत धावायचा. दशरथ हसून सोडून देत. त्यांची मुलगी रत्नप्रभा मात्र कधी हसली नाही. वडील खोटारडे ठरूनच गेले, ही सल तिच्या मनात राहिली.

माझे तसे बरे चालले होते. अंगावर बोंबील वाळत, भोकांतून लोकांच्या किल्ल्या गटारात जात आणि शिव्या मला बसत. गणपती आले की मंडळाचा उरलेला ऑइलपेंट माझ्या अंगावर. कधी पोपटी, कधी गुलाबी. जेवणखाण काही नसताना मी चांगला जाडजूड झालो.

यंदा चाळ पुनर्विकासाला गेली. त्याच सुमारास श्रुतिका आली. ती अंधेरीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. जुन्या विमानतळावर राबलेल्या माणसांची नावे शोधून ती प्रदर्शन भरवणार होती. विमानतळाची एखादी वस्तू कुणाकडे उरली आहे का, असे तिने चाळीला विचारले, तेही माझ्याच अंगावर उभे राहून! लोकांनी एक किटली आणली, तिच्या बुडाखाली मुरादाबादचा छाप निघाला. कुणी विमानाचा पंखा आणला, तो छतावरचा निघाला. रत्नप्रभाने वडिलांचे नाव सांगितले. पण पुराव्याशिवाय नाव लावता येणार नाही, असे श्रुतिका हळूच म्हणाली. रत्नप्रभाचा चेहरा पडला.

तेवढ्यात नितेशने बोलावलेले भंगारवाले पहारी घेऊन आले. त्यांनी आम्हाला वर उचकटायला सुरुवात केली. घामाघूम झाले, पण आम्ही जागचे हललो नाही. शेवटी नितेश म्हणाला, गॅस कटर आणा. मित्रांनो, माझी तर पाचावर धारण बसली.

रत्नप्रभाने पदर खोचला. घरातून वरवंटा आणून आम्हा दोघांना जखडणारी, रंगाच्या थराखाली दडलेली खिट्टी ठोकून बाहेर काढली. मग वर न उचलता मला टाचेने लांबीच्या दिशेने एक लाथ घातली. खट्ट! भाऊ एकीकडे, मी दुसरीकडे.

श्रुतिका लगबगीने पुढे आली. धावपट्टीचे पत्रे सोडवण्याचे लष्करी चित्र तिच्या मोबाईलमध्ये होते. तिने ते काढून पाहिले. खिट्टीसकट अगदी तस्सेच.

“हे कुणी शिकवलं तुम्हाला?”

“बाबांनी. मी शाळेत होते तेव्हा गटार उपसायला ते असेच काढायचे.”

नितेश पुटपुटला, “आत्या, पत्रे काय, भंगारातून कुणीही आणेल ना.”

“पत्रा भंगारात मिळतो हो,” श्रुतिका म्हणाली. “ही हातोटी नाही मिळत.”

रत्नप्रभा मटकन माझ्यावरच बसली. “माझो बापूस खोटा बोलाक नाय, नितेश,” एवढेच म्हणाली आणि रडली. माझ्या अंगावर विमाने उतरली, पण इतके जड मला कधी वाटले नव्हते.

प्रदर्शनात दशरथांचे नाव लागले. आम्हा दोघांनाही तिथे नेले. रत्नप्रभाने नितेशला पाटीसमोर उभे केले आणि मोठ्याने वाचायला लावले. ‘दशरथ घाडीगांवकर, हवाई दल.’ स्वतःच्याच आडनावाशी तो अडखळला. मग त्याने कान पकडले. कुणाला दिसू नये म्हणून कान खाजवल्यासारखे केले, पण मला दिसले.

तेव्हा मित्रांनो, तुमचे आजोबा तीच ती गोष्ट पुन्हा सांगू लागले, तर खुशाल हसा. पण हसून झाल्यावर म्हणा, आजोबा, ते कसे करायचे ते एकदा दाखवा ना. मला काय, गंज चढला तरी रंगाचा एक हात मारला की झाले. माणसाचे तसे नसते. ते आत्ताच विचारायचे असते.