पुट्टीखालची भेग

मित्रांनो, घराबाहेर भिंतीला टेकून जे काही उभं असतं त्याची विचारपूस सहसा कोणी करत नाही. मी बावीस वर्षं तशीच उभी राहिले. मी एका रंगाऱ्याची लाकडी शिडी आहे. खरं म्हणजे होते. आता माझ्या अकरा पायऱ्या निघाल्या आहेत आणि माझे दोन उभे दांडे पहिल्या मजल्याच्या गॅलरीत कमरेच्या उंचीवर आडवे बसवले आहेत. मोडक्या पायाच्या माणसाला धरून चालता यावं म्हणून ही सोय. हे कसं झालं ते तुम्हाला सांगते. फार दमले आहे, तेव्हा मध्येच कुठे थांबले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म सुतारबाबांच्या हातचा. ते माणसांशी कमी आणि लाकडाशी जास्त बोलायचे. सागाचे दोन सरळसोट दांडे त्यांनी निवडले, रंधा मारून गुळगुळीत केले आणि एकेक पायरी खाचेत अशी घट्ट ठोकली की खिळे नुसते नावाला उरले. रंगारी तेव्हा जेमतेम विशीचा होता. तो मला न्यायला आला तेव्हा सुतारबाबा म्हणाले, "हिला काही झालं तर माझ्याकडे आण. घरच्या घरी डॉक्टरकी करू नकोस." रंगाऱ्यानं मान हलवली. मान हलवायला कोणाचं काय जातं?

मग सुरू झाली कामं. शाळेचे वर्ग, दवाखान्याच्या खोल्या, जिने, गोदामं, नव्या बाळासाठी पिवळी करून घेतलेली एक छोटीशी खोली. माझ्या अंगावर इतक्या घरांचे रंग सांडले की माझा मूळ रंग कोणता ते मलाच आठवेनासं झालं. दुसरे रंगारी मला उसनी मागायचे आणि परत देताना म्हणायचे, "शिडी असावी तर अशी." खोटं कशाला बोलू, तेव्हा मी मनातल्या मनात फुगायचे.

रंगाऱ्याला एक जोडीदार होता. त्याला उंचीची भीती. तीन पायऱ्या चढला की त्याचे डोळे फिरायचे. म्हणून वरचं काम रंगाऱ्याचं, खालचं त्याचं, आणि रंगारी वर असताना मला धरून उभं राहणंही त्याचंच. वरून गळणारा प्रत्येक थेंब नेमका त्याच्या तोंडावर पडायचा. त्यामुळे त्याचं नाव पडलं ठिपक्या. त्याचं खरं नाव त्याच्या आईलाही आठवत नसेल. चौदा वर्षं तो खाली उभा राहिला आणि चौदा वर्षांत माझ्या पायथ्यावरचा त्याचा हात कधी ढिला पडला नाही.

रंगारी कामाला चोख होता. भिंतीला ओल असली की तो घरमालकाला तोंडावर सांगायचा, "आधी ओल काढा. वरून रंग फासून भिंत बरी होत नाही." लोकांना राग यायचा, पण पुढच्या वेळी ते त्यालाच बोलवायचे.

दोन वर्षांपूर्वी टेम्पोतून उतरवताना मी हातातून निसटले आणि दगडी पायरीवर आपटले. माझ्या डाव्या दांड्याला, खालच्या दोन पायऱ्यांच्या मध्ये, वीतभर भेग पडली. ठिपक्या तेव्हा आत सामान नेत होता. रंगाऱ्यानं भेगेवरून बोट फिरवलं, इकडेतिकडे पाहिलं. सुतारबाबांकडे न्यायचं तर दोन दिवस काम बंद. शिवाय बोलणी खावी लागणार ती वेगळीच. त्यानं काय करावं? पिशवीतून पुट्टी काढली, भेगेत दाबून भरली, वाळल्यावर काचकागदानं घासली आणि वर निळ्या रंगाचे दोन हात मारले. काम असं सफाईदार झालं की भेग कुठे होती ते शोधून सापडेना. लोकांच्या भिंतींना जे त्यानं कधी केलं नाही ते माझ्या बाबतीत केलं. मला बोलता येत नाही. मी फक्त कुरकुरायचे. "म्हातारी झालीस," असं म्हणून तो वर चढायचा.

साडेतीन महिन्यांपूर्वी एका इमारतीच्या जिन्याचं काम चालू होतं. छताजवळचा एक कोपरा तेवढा राहिला होता आणि रंग संपत आला होता. रंगारी वरून म्हणाला, "तू जा, रंग कालवायला घे. मी बघतो इथलं."

"उतर की मग आधी," ठिपक्या म्हणाला.

"अरे, दोन मिनिटांचं काम आहे. जा तू."

ठिपक्या गेला. रंगारी कोपऱ्यापर्यंत पोचण्यासाठी एका बाजूला झुकला, माझा दांडा त्या भेगेतून वाकला, मी गर्रकन फिरले आणि तो जिन्याच्या लोखंडी कठड्यावर पाय आपटत खाली कोसळला. ओझं उतरताच माझी भेग पुन्हा मिटली. मी वरून धडधाकट दिसत होते. रंगाऱ्याची नडगी मात्र तीन ठिकाणी मोडून कातडीबाहेर आली होती.

दवाखान्यात वहिनींनी, म्हणजे रंगाऱ्याच्या बायकोनं, एकच प्रश्न विचारला, "शिडी कोणी धरली होती?" ठिपक्या खाली मान घालून म्हणाला, "मी. पण मी रंग कालवायला गेलो होतो." रंगारी शुद्धीवर होता. त्यानं ते ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. त्या दिवशी तो वेदनेनं गप्प राहिला असं म्हणता येईल. पुढच्या तीन महिन्यांचं काय म्हणायचं?

ठिपक्यानंच मला इथे आणून गॅलरीत खिडकीशी टेकवलं. तेव्हापासून मी आत पलंगावर पडलेला रंगारी पाहते आहे. पहिल्या ऑपरेशनात हाड जुळवून पायाला बाहेरून सळ्यांचा पिंजरा बसवला. दुसऱ्यात जखम साफ केली. तिसरं सगळ्यांत मोठं आहे. कमरेचं थोडं हाड काढून नडगीच्या पोकळीत भरायचं आणि आत धातूची पट्टी बसवायची. पण जखम पूर्ण कोरडी झाल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही. तीनदा तारीख मिळाली आणि तीनदा पुढे गेली. वरून खपली धरायची आणि आत पू व्हायचा. डॉक्टर पुन्हा जखम उघडायचे.

वाट पाहणं हे कामापेक्षा जास्त थकवतं, हे मला तेव्हा कळलं. सकाळी ड्रेसिंग, मग गोळ्या, मग टाचेखालची उशी सरकवणं, मग पिंजऱ्याच्या आत खाजतं तिथे हात पोचत नाही म्हणून चिडचिड. दिवसभर तो छताकडे बघत पडायचा. ते छत त्यानंच रंगवलेलं. घरचं काम म्हणून एकच हात मारला होता, त्यामुळे ब्रशचे फराटे स्पष्ट दिसायचे. एकदा तो स्वतःशीच म्हणाला, "कोण गाढवानं रंगवलंय हे." पण हसला नाही. दाढी वाढली, जेवण अर्ध्यावर आलं. चार पायांचा वॉकर एकदा न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडकला आणि तो पडता पडता वाचला, तेव्हापासून तो उठायलाही तयार होईना.

ठिपक्या रोज संध्याकाळी यायचा. तो समोरच, आवाराच्या पलीकडे तळमजल्यावर राहतो. औषधं आणून द्यायचा आणि दाराशी स्टुलावर बसून राहायचा. पूर्वी वहिनी त्याला "भावजी, चहा घ्या" म्हणायच्या. आता त्या भांड्यांशी बोलायच्या. "लोकांनी हात सोडला नसता तर आज ही वेळ आली नसती," असं पातेल्याला सुनवायच्या. ठिपक्या ऐकून घ्यायचा. रंगारी भिंतीकडे तोंड करायचा. आणि मी खिडकीबाहेर उभी. मीच त्याला पाडलं होतं, आणि का पाडलं ते तो आणि मी, दोघंच जाणत होतो. मित्रांनो, खरं सांगते, तेव्हा मला कोणी चुलीत घातलं असतं तरी मी हू की चू केलं नसतं.

मागच्या महिन्यात डॉक्टरांनी मांडीला टेप लावून बघितला आणि नाराज झाले. मांडी वाळत चालली होती. रोज धरून चाला, त्या पायाचा अंगठा फक्त टेकवा, भार देऊ नका. मांडीत बळच उरलं नाही तर ऑपरेशन करून उपयोग काय, असं त्यांनी बजावलं. धरायला काय, हा प्रश्न आला. वहिनींची नजर माझ्यावर गेली. "हिच्यावर आता कोण चढणार आहे?" असं म्हणून त्यांनी सुतारबाबांना बोलावलं.

सुतारबाबा आता सत्तरीला आलेत. संध्याकाळी आले, मला गॅलरीत आडवी टाकली आणि डाव्या दांड्यावर बोटाच्या पेरानं टकटक केली. एका जागी आवाज बद्द आला. त्यांनी पटाशीनं तिथला रंग खरवडला. निळा पापुद्रा गेला आणि पांढरा भुगा खाली पडला.

"लाकडात पुट्टी?" ते म्हणाले. "ही भेग जुनी आहे. पडल्यावरची नाही."

दाराशी ठिपक्या बसला होता. वहिनी हातातलं फडकं घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "अहो," त्यांनी खिडकीतून आत विचारलं, "म्हणजे शिडी आधीच मोडलेली होती?"

मग पलंगावरून आवाज आला, "दोन वर्षं झाली."

"भावजींना माहीत होतं?"

"कोणालाच नाही. पुट्टी मीच भरली होती." रंगारी म्हणाला. "त्यानं धरली असती तरी मी पडलोच असतो. आणि त्याला जा म्हणूनही मीच सांगितलं होतं."

सुतारबाबांनी पटाशी खाली ठेवली. ठिपक्या उठला, चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरून गेला. "येतो" म्हणाला नाही. वहिनी जागच्या जागी बसल्या. "तीन महिने मी त्या माणसाला पाण्यालाही विचारलं नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या पायऱ्या काढल्या. दुखलं. सुतारबाबांनी भेगेतली सगळी पुट्टी खरवडून काढली, कुजलेला भाग कापला आणि आत नवं लाकूड बसवून दोन्ही बाजूंनी पट्टी ठोकली. मग माझा एक दांडा भिंतीला आणि दुसरा खुंटांवर असा बसवला. जाताना त्यांनी रंगाऱ्याकडे पाहिलं, पण बोलले काहीच नाहीत. मला वाटतं, बोलले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

ठिपक्या दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. औषधं त्याची बायको पायरीवर ठेवून जायची. आता वहिनींचा अबोला रंगाऱ्याशी सुरू झाला. त्या ड्रेसिंग करायच्या, जेवण द्यायच्या, पण तोंडातून अक्षर नाही. चौथ्या दिवशी सकाळी रंगारी आपण होऊन उठला. घाम पुसत, दात आवळत माझ्यापर्यंत आला आणि त्यानं दोन्ही दांडे घट्ट पकडले. त्याचे तळवे थंड पडले होते. दोन पावलं टाकली आणि तो परत फिरला. दुसऱ्या दिवशी चार. गॅलरीच्या टोकाला पोचला की तो थांबून समोरच्या दाराकडे बघत राहायचा. ते दार बंद असायचं. मग तो परत फिरायचा. बघणाऱ्याला धीर निघणार नाही इतका हळू चालायचा, पण रोज चालायचा. पूर्वी मी त्याचं सगळं ओझं सहज पेलायचे. आता नुसते हात पेलतानाही मला धास्ती वाटते.

या सोमवारी डॉक्टरांनी पाहिलं. जखम कोरडी आहे, मांडी सुधारली आहे. गुरुवारी ऑपरेशन. हाड धरेल की नाही, पाय पूर्वीसारखा होईल की नाही, याची खात्री ते देत नाहीत. शिडीवर चढण्याचा तर विषयच त्यांनी काढू दिला नाही.

आज बुधवार. दुपारी रंगारी म्हणाला, "मला खाली जायचंय."

"मी भावजींना बोलावून आणते," वहिनी म्हणाल्या. बारा दिवसांतलं त्यांचं हे पहिलं धड वाक्य.

"नको. तो कितीदा येणार? मीच जायला हवं."

एकवीस पायऱ्या तो बसून उतरला, लहान मुलं उतरतात तसा, एकेक करत. वहिनी खालच्या पायरीवर राहून पिंजऱ्याचा पाय दोन्ही हातांनी तोलून धरत होत्या. पाऊण तास गेला. मग वॉकर धरून त्यानं आवार ओलांडलं आणि समोरची कडी वाजवली. आवार लहान आहे, मला इथून सगळं ऐकू येत होतं.

ठिपक्यानं दार उघडलं आणि बघतच राहिला. "डोकं फिरलंय का तुझं? उद्या ऑपरेशन आहे ना?"

"म्हणूनच आलो. चूक माझी होती, आणि ती मी तुझ्या गळ्यात अडकवली. पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही. माफ केलं नाहीस तरी चालेल, पण ऐकून घे."

ठिपक्या बराच वेळ आपल्या हातांकडे बघत होता. "मला या हातांची लाज वाटायची, दादा," तो शेवटी म्हणाला. "तीन महिने मी ब्रश धरला नाही. आणि तू रोज मला समोर बघत होतास."

रंगाऱ्यानं नुसती मान हलवली. वॉकर एका बाजूला कलायला लागला तसा ठिपक्यानं पुढे होऊन त्याला काखेत धरलं.

"आता वर कसा जाणार आहेस?"

"माहीत नाही. उतरण्यापुरताच विचार केला होता."

ठिपक्या हसला नाही. त्यानं आतून खुर्ची आणली, शेजारच्या दोघांना हाक मारली आणि रंगाऱ्याला खुर्चीवर बसवून वर आणलं. माफ केलं असं तो म्हणाला नाही. जाताना दारात थांबून त्यानं विचारलं, "उद्या किती वाजता निघायचंय?"

"सातला," वहिनी म्हणाल्या. "भावजी, याल ना?"

"येईन," तो म्हणाला. "बाकीचं मग बघू."

मित्रांनो, उद्या काय होईल ते मला ठाऊक नाही. मी लाकूड आहे, माझी भेग भरायला एक दुपार पुरली. माणसांचं तसं नसतं, हे मी या बारा दिवसांत पाहिलं. म्हणून तुमच्याकडे एवढंच मागते. तुमच्या हातून एखादी वस्तू तडकली तर ती झाकू नका, घरात दाखवा. ओरडा बसेल, तो खा. आणि तुमच्या चुकीचं खापर दुसऱ्या कोणावर फुटलं असेल, तर त्याच्या दाराशी जा. पण पाय धड आहेत तोवरच जा.