उपाशी वाकळ

बनुआत्तीची ठिगळाठिगळांची वाकळ बघून मी प्लायवूडवर रंगीत काचांची तशीच वाकळ केली. उद्या सांगलीच्या प्रदर्शनात पहिला नंबर माझाच, असं मी धरूनच चालले होते.

आत्तीनं चारी कोपरे चाचपले. "लय देखणी हाय गं. पण उपाशी ठिवलीस व्हय?"

वाकळ पुरी होताना ती उपाशी राहू नये म्हणून शेवटच्या कोपऱ्यात आत्ती भाकरीचा तुकडा शिवते, हे मला ठाऊक होतं. "आत्ते, काचेला कसली भूक?"

"मग तिला वाकळ कशाला म्हणतीस?"

शेवटी कोपऱ्यातली निळी काच सुरीनं उचकटून मी खाली भाकरी दाबली आणि काच परत चिकटवली. आत्ती खूश झाली. आता खालच्या भाकरीमुळं ती काच बाकीच्या काचांपेक्षा वर आलीये, आणि परीक्षकांना काय सांगायचं ते मला अजून कळत नाहीये.