येणारी नळी, जाणारी नळी

“पलंगावर? आई, डॅशबोर्ड काय पलंगावर ठेवतात?”

“मग काय डोक्यावर घेऊन बसू? जुनी चादर अंथरली आहे मी. तू तुझी बाजू धर. अहो, तुम्ही फक्त दार धरा. उचलू नका.”

माझ्या घरात कोणती वस्तू कुठे राहील हे मी ठरवते आणि त्या निकालावर अपील नसते. लेक पुढे आणि मी मागे, असा तो लांबलचक काळा डॅशबोर्ड आम्ही गॅरेजमधून स्वयंपाकघरात आणि तिथून मधल्या खोलीत आणला. त्याच्या पोटातून वायरी लोंबत होत्या. पलंगावर आडवा ठेवल्यावर तो ऑपरेशनसाठी आणलेल्या रुग्णासारखा दिसू लागला. दाराशी उभे असलेले माझे यजमान त्याच्याकडे तसेच पाहत होते.

गाडी लेकीची. म्हणजे मूळची यांचीच. निवृत्त झाल्यावर हौसेने घेतलेली आणि लेक परगावी नर्स म्हणून लागली तेव्हा तिला देऊन टाकलेली. थंडी सुरू झाली तशी गाडीत एक गोडसर वास येऊ लागला, पायाखालचा गालिचा ओला राहू लागला आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट धुके धरू लागले. लेकीची ड्यूटी पहाटेची. एका हाताने स्टिअरिंग धरायचे आणि दुसऱ्या हाताने काच पुसायची, अशी ती इस्पितळ गाठत होती. फोनवर तिने हे मला सांगितले, तेव्हा यांनी हात पुढे करून फोन मागून घेतला. आजारपणानंतर असे प्रथमच घडत होते.

“हीटर,” ते म्हणाले. “आतला. फु... फुटला. इथे आण.”

इंजिनातले गरम पाणी एका वीतभर जाळीतून फिरते, त्या जाळीवरून वाहणारी हवा ऊबदार होऊन गाडीत येते. त्या जाळीला हीटर कोअर म्हणतात. करणाऱ्याने ती डॅशबोर्डच्या मागे, अगदी तळाशी दडवलेली असते. ती बदलायची तर अख्ख्या गाडीचा चेहरा सोलून काढावा लागतो.

यांचे सारे आयुष्य बस डेपोत फिटर म्हणून गेले. घरी आले की कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचे आणि मगच बोलायचे. बोलणे थोडे, पण ठाम. गेल्या उन्हाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, उजवा हात अर्धामुर्धा परत आला, पण बोटांची जाण गेली आणि शब्द उलटे होऊन बसले. ‘वर’ म्हणायला जावे तर तोंडून ‘खाली’ येई. गार पाणी हवे असताना ते गरम मागत. दोनचारदा पाहुणे हसले आणि यांनी बोलणेच टाकले. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहत. तहान लागली तरी माझ्याकडे परवानगी मागितल्यासारखे पाहत. ज्या माणसाशी मी जन्मभर बरोबरीने भांडले, त्याने माझी परवानगी मागावी, हे मला सहन होत नव्हते.

लेक रजा काढून गाडी घेऊन आली खरी; पण यांची अवस्था पाहून तिचा धीर सुटला. तिने मला स्वयंपाकघरात गाठले.

“आई, गॅरेजला देऊ या ना. बाबांना नाही झेपणार गं. मध्येच अडलं तर? आणखी खचतील.”

“अडलं तर अडलं. मला गाडीचं काही पडलेलं नाही. मला तो माणूस खुर्चीतून उठलेला बघायचाय.”

“आणि मी बसने ये-जा करू?”

“कर. तुझ्या बापाने दुरुस्त केलेल्याच बसगाड्या आहेत.”

ती हसली नाही, पण तिने बाह्या सरसावल्या. तिथे विषय संपला.

कामाची वाटणी आपोआप ठरली. डोके यांचे, हात लेकीचे, आणि हुकूम माझा. स्क्रू ठेवायला यांनी माझ्या वाट्या मागितल्या. शब्दाने नव्हे, कपाट उघडून माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. निघालेल्या क्रमाने वाट्या ओट्यावर मांडल्या गेल्या आणि त्यांना कोणी हात लावायचा नाही असे मी जाहीर केले. सीटवर उताणी पडून, पाय दाराबाहेर काढून लेक अंधारात चाचपडत असे. हे शेजारी स्टुलावर बसून डाव्या हाताने तिच्या मनगटाला दिशा देत. शब्दांची गरज फारशी पडतच नव्हती.

शेजारचे निवृत्त पोस्टमन भिंतीवरून डोकावले. “काय फिटरसाहेब, गाडीचं बाळंतपण काढलंत वाटतं?”

“हो,” मी म्हणाले, “आणि सुईणी पुरेशा आहेत. तुम्ही आपला चहा प्या.”

“वहिनी, पार्ट उरले तर कळवा. माझ्या सायकलला चालतील.”

यांच्या ओठांची डावी बाजू किंचित हलली. तेवढ्यासाठी मी पोस्टमनला माफ केले.

डॅशबोर्ड पलंगावर गेल्यानंतर बॉनेट उघडण्याची वेळ आली. इंजिनामागच्या पत्र्यातून दोन रबरी नळ्या गाडीच्या आत शिरतात. दोन्ही काळ्या, सारख्याच जाडीच्या, जुळ्या बहिणींसारख्या, आणि मागे इंजिनाच्या आडोशाला कुठे वळतात ते दिसत नाही. एकीतून गरम पाणी कोअरमध्ये येते, दुसरीतून ते परत जाते. या गाडीत त्यांची अदलाबदल झाली तर जाळीत हवा कोंडते आणि ऊब येत नाही. यांचा स्वतःच्या तोंडावर विश्वास उरला नव्हता, म्हणून ते मला म्हणाले, “लिही.”

मी औषधाच्या डब्यातली चिकटपट्टी आणि पेन घेऊन उभी राहिले. लेक आत, पत्र्याच्या पलीकडे बॅटरी धरून होती.

यांनी पहिल्या नळीवर बोट टेकले. “ही... येते.”

मी ‘येते’ लिहून पट्टी चिकटवली.

दुसऱ्या नळीवर बोट बराच वेळ थांबले. कपाळावरची शीर उठली. “ही... जा... जाते.”

“येते म्हणा!” मी म्हणाले.

आमच्या घरातून ‘जाते’ म्हणून कोणी बाहेर पडलेले नाही. निघणाऱ्याने ‘येते’ म्हणायचे. सासूबाईंनी हे मला शिकवले आणि मी मुलीला. लहानपणी शाळेला निघताना ती ‘जाते’ म्हणाली की मी तिला परत आत बोलवी, बूट काढायला लावी आणि सगळे निघणे पहिल्यापासून करून घेई. तो एकटा शब्द कानावर पडला की माझे तोंड माझ्याही आधी बोलते.

यांनी माझ्याकडे पाहिले. मग शहाण्या विद्यार्थ्यासारखी मान खाली घालून म्हणाले, “येते.”

मी लिहिले. पट्टी नीट दाबून बसवली. माझे अक्षर चांगले आहे.

जुनी जाळी निघाली तेव्हा तिच्या कडेला हिरवट पांढरी बुरशी धरली होती. नवी जाळी तिच्या प्लॅस्टिकच्या पेटीत बसवण्याआधी यांनी डॅशबोर्ड हातात घेतला. उन्हाने त्याच्या माथ्यावर लांब तडा गेला होता. झरोक्यांतला फोम कुजून त्याचा चुरा हवेबरोबर तोंडावर उडत असे. लेक म्हणाली, “बाबा, तडा राहू द्या, मला चालेल.” यांनी नकारार्थी मान हलवली. तड्याखाली बारीक तारेची जाळी ठेवून डाख देण्याच्या गरम सळईने ती प्लॅस्टिकमध्ये रुजवली, वरून लांबीचा लगदा भरला, आणि घासकागद माझ्या हातात दिला. मी घासत बसले. तुटलेल्या खाचा त्यांनी एकेक करून डाव्या हाताने जोडल्या. एक क्लिप सारखी निसटत होती. चौथ्यांदा की पाचव्यांदा निसटली तेव्हा ते स्वच्छ आवाजात म्हणाले, “बस की मेल्या!”

लेकीने आणि मी एकमेकींकडे पाहिले. एवढे सरळ वाक्य उन्हाळ्यापासून या घरात उमटले नव्हते. क्लिप बसली.

पेटी जागेवर गेली. पत्र्यातून कोअरची दोन टोके बाहेर आली. आता नळ्या जोडायच्या आणि मग पलंगावरचा रुग्ण घरी न्यायचा, एवढेच राहिले होते. यांनी बॉनेटवर वाकून पहिली पट्टी वाचली. मग दुसरी. मग पुन्हा पहिली.

“येते,” ते म्हणाले. “येते.”

त्यांचा चेहरा उतरला. पक्कड त्यांनी हळूच बंपरवर ठेवली.

“मी... उलटं. परत उलटं बोललो.”

ते आत गेले. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. कोपरापर्यंत हात धुऊन ते खुर्चीत बसले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

“आई, पुरे आता,” लेक म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “गॅरेजवाल्याला फोन लावते. तो बघेल कुठली कुठली ते.”

“फोन खाली ठेव.”

त्या दोन पट्ट्यांवरचे माझे सुरेख अक्षर मी पाहत उभी राहिले. गप्प बसले असते तर कोणाला काही कळले नसते. चूक आजाराच्या नावावर जमा झाली असती, आणि गाडी संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कोणीतरी दुरुस्त केली असती.

मी आत जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

“अहो, ऐका. तुम्ही ‘जाते’ म्हणाला होतात. बरोबर म्हणाला होतात.”

त्यांना ते उमगले नाही. मी लेकीला हाक मारली. “इकडे ये गं. तुझ्यासमोर सांगते, म्हणजे पुन्हा वाद नको. दुसऱ्या नळीला हे ‘जाते’ म्हणाले. मी त्यांच्या तोंडातला बरोबर शब्द काढून घेतला आणि ‘येते’ म्हणायला लावलं. त्यांनी ऐकलं. लिहिलं मी. चूक माझी.”

असे काही माझ्या तोंडून लेकीने कधी ऐकले नव्हते. पुढेही ऐकेल असे नाही.

“मी... बरोबर?” हे म्हणाले.

“हो.”

“नळीला?” त्यांच्या ओठांची डावी बाजू आधी हसली, मग उजवीही तिच्या मागोमाग निघाली. “नळीला पण... वळण लावलंस?”

लेक खाली जमिनीवरच बसली. हसता हसता तिला ठसका लागला. मी हसले नाही. पदराला काही लागले होते ते पाहत होते.

हे खुर्चीतून उठले. माझ्याकडे पाहिले नाही, हात मागितला नाही. “बादली,” ते म्हणाले. “आणि पाणी. इंजिनात भर.”

दोन्ही नळ्यांची मोकळी टोके बादलीत सोडली. लेक स्टिअरिंगपाशी बसली. यांनी बोट वर केले आणि इंजिन घरघरले. एक नळी गप्प राहिली. दुसरी थरथरली, खाकरली आणि तिच्यातून पाण्याची धार बादलीत पडली.

“बंद!” हे ओरडले, आणि इंजिन बंद झाले. उलटा शब्द आला नाही.

त्यांनी गप्प नळीवरची पट्टी सोलून काढली आणि मला पेन दिले. माझा हात थबकला. कागदावर काय, मनातही तो शब्द मी एकटा कधी ठेवलेला नव्हता.

“लिही,” ते म्हणाले.

हुकूम होता. या घरात मला हुकूम सुटल्याला कितीतरी दिवस झाले होते. मी नव्या पट्टीवर ‘जाते’ लिहिले आणि ती त्यांच्या हाती दिली.

त्यानंतरचे काम सरळ होते. डॅशबोर्ड ज्या वाटेने आला त्या वाटेने परत गेला, वाट्या शेवटच्यापासून पहिलीपर्यंत रिकाम्या झाल्या. पोस्टमनच्या सायकलला काही उरले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या काचा दवाने धुरकटलेल्या होत्या. लेकीने गाडी सुरू करून पंखा लावला. हे शेजारच्या सीटवर बसले आणि दोन्ही हात झरोक्यासमोर धरले. उजव्या हाताला काही कळत नव्हते, हे मला ठाऊक होते. तरी तोच त्यांनी पुढे धरला होता. काच खालच्या कडेपासून हळूहळू स्वच्छ होत गेली आणि त्या स्वच्छ पट्टीतून मला त्यांचा चेहरा दिसला. डेपोतून परतताना असायचा तसाच.

लेक निघाली. सामान ठेवताना हे बराच वेळ डिकीपाशी वाकून होते. मला वाटले, तिच्या पिशव्या लावत असतील.

गाडी वळणाआड गेल्यावर मी झाडू घेऊन गॅरेजमध्ये गेले. समोरच्या भिंतीवर यांनी फार पूर्वी प्रत्येक अवजार खिळ्याला टांगून त्याच्याभोवती पेन्सिलीने रेघ मारली होती, म्हणजे कोणते जागेवर नाही ते लगेच कळावे. आता भिंतीवर रेघाच होत्या. पान्यांच्या, हातोडीच्या, पकडीच्या रेघा. आत रिकामा चुना.

हे माझ्यामागे येऊन उभे राहिले.

“सगळी दिलीत तिला?”

“हात,” ते म्हणाले, आणि उजवा हात थोडा उचलून पाहिला. “या कामाला... पुरला. आता तिचे.”

अगदी खालच्या खिळ्याला एक छोटा स्क्रू ड्रायव्हर तेवढा त्याच्या रेघेत लटकत होता.

“हा राहिला वाटतं.”

“तो नाही,” ते म्हणाले. “तो... कुकरचा. दांडा ढिला होतो. तुझा.”

मी केर काढला आणि आत आले. हे खुर्चीत जाऊन बसले होते. ओट्यावरचा कुकर उचलून पाहिला. दांडा चांगला घट्ट होता. मी सुरी घेतली, तिचे टोक स्क्रूच्या खाचेत घातले, आणि आवाज होणार नाही अशा बेताने तो थोडा सैल केला. सुरी धुऊन जागेवर ठेवली.

“अहो,” मी हाक मारली, “जरा इकडे येता का? हा दांडा बघा बरं.”